डॉक्युमेंट कंट्रोलरचे खरे काम

डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणजे केवळ फायली लावणारा कारकून, असे मत काही जण मांडतात, ते मला पटत नाही. रिफायनरीच्या बांधकामात पाइपिंगच्या ड्रॉइंगची नवी आवृत्ती आली, की ती मास्टर रजिस्टरमध्ये (कागदपत्रांच्या मुख्य नोंदवहीत) नोंदवणे, ट्रान्समिटलसह (सोबतच्या पाठवणी-पत्रासह) साइटवर पाठवून पोच घेणे आणि जुन्या प्रती ‘सुपरसीडेड’चा (जागी नवी आवृत्ती आल्याचा) शिक्का मारून बाद करणे ही जबाबदारी त्याची असते. एक जुनी प्रत जरी फिटरच्या हाती राहिली, तरी वेल्डिंग झालेला स्पूल (पाइपचा जोडून तयार केलेला भाग) कापून पुन्हा करण्याची वेळ येऊ शकते. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या कलम ७.५ मध्ये असेच नियंत्रण अपेक्षित आहे. सॉफ्टवेअर शिकता येते. परंतु क्रमांकातला एक अंक चुकलेला कागद वरिष्ठ अभियंत्यालाही नम्रपणे परत पाठवण्याचा ठामपणा मला अधिक मोलाचा वाटतो, आणि मुलाखतीत तो आवर्जून तपासला जावा.