मदत हवी आहे: सदनिकेत हातअवजारांनी सुतारकाम
नमस्कार. मी नेरुळला सदनिकेत राहतो आणि छंद म्हणून सुतारकाम सुरू करण्याचा विचार आहे. यंत्रांच्या आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास नको, म्हणून करवत, रंधा, पटाशी (लाकूड कोरायची छिन्नी), गुण्या (काटकोन तपासायचे अवजार) आणि क्लॅम्प एवढ्यावरच भागवणार आहे.

लाकडाबाबत मात्र सल्ला हवा आहे. न्हावा-शेवा बंदरातून येणाऱ्या खोक्यांचे पाइन लाकूड भंगारात मिळते. त्यावर 'एचटी' शिक्का असेल, तर ते गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून कीडमुक्त केलेले असते. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले, आणि ते मी घरात आणणार नाही. परंतु पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत लाकूड रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही, त्यामुळे फळ्या जोडून केलेल्या पेटीच्या झाकणाला किती मोकळीक ठेवावी? सागवान कमी फुगते, पण शिकाऊ हाताने ते वाया घालवणे जिवावर येते. तुर्भे किंवा ठाणे परिसरातील वखारवाले सुकवलेल्या लाकडाचे छोटे तुकडे देतात का? तसेच पटाशीला धार लावणे प्रत्यक्ष शिकवणारे कोणी सुतार शनिवारी-रविवारी वेळ देत असतील, तर कृपया शुल्कासह कळवावे.