मॅचमेकिंगने वैताग आणलाय? अनुभव आणि उपाय इथे लिहा

ऑनलाइन गेममध्ये सिस्टीम बरोबरीचे खेळाडू शोधून मॅच लावते, तेच मॅचमेकिंग. पाचास पाच भिडतात आणि तिसऱ्याच राउंडला कळतं की जोडी जुळलेलीच नाही. पुण्यातून खेळणाऱ्यांनो, नेमकं कुठे बिघडतं आणि काय केल्याने फरक पडतो ते लिहा. 'सिस्टीमच फिक्स आहे' एवढ्यावर थांबू नका, आकडे द्या.

पाचवा भिडू
खरं दुखणं सरासरीत आहे. एका टीममध्ये पाचही जण १५०० रेटिंगचे. दुसरीत १९००, १९००, १५००, ११००, ११००. बेरीज दोन्हीकडे ७५००, कागदावर बरोबरी. पण एलोच्या (रेटिंगवरून जिंकण्याची शक्यता काढणाऱ्या) सूत्रात ४०० गुणांचं अंतर म्हणजे दहास एक: ११००वाला १५००वाल्यासमोर अकरातून एकदा जिंकणार. समोरच्यांना ती बाजू कच्ची आहे हे कळलं की प्रत्येक राउंड तिथूनच घुसतात. म्हणून रँकमध्ये मोठी तफावत असलेले मित्र असतील तर अनरँक्ड (रँकवर परिणाम न होणारी मॅच) खेळा. व्हॅलोरंट या शूटिंग गेमच्या रँक्डमध्ये चौघांना एकत्र क्यू (मॅचसाठीची रांग) लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पाचवा अनोळखी नाहक भरडला जातो.

लॅनवाला
आधी पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) बघा, मग मॅचमेकिंगला बोला. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किमी जातो. पुणे-मुंबई वायरीचं अंतर २०० किमी धरलं तरी जाऊन-येऊन २ मिलिसेकंद. वरचं सगळं राउटर, वायफाय आणि प्रोव्हायडरच्या वळणांचं. मुंबई सर्व्हरवर ४०-५० दिसत असेल तर घरातून सुरुवात करा. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्झचं वायफाय अडवतात आणि २.४ वर शेजारपाजारच्या राउटरांची गर्दी. राउटरपासून सरळ कॅट ६ (नेटवर्कची) केबल ओढा.

सिंगापूर मुंबईहून जवळपास ३,९०० किमी, तिथे ३९ मिलिसेकंद अंतरातच जातात. सीएस २ (काउंटर-स्ट्राइक २) मध्ये मॅचसाठी कमाल पिंग ठरवता येतो. तो खाली आणला की लांबचे सर्व्हर गळतात, क्यू मात्र लांबते.

रात्रपाळी
@लॅनवाला, क्यू लांबण्याचं कारण वेळेतही आहे. मध्यरात्रीनंतर खेळणारे कमी उरतात, मग सिस्टीम रेटिंगची चाळणी सैल करते. रात्री ८ ते ११ मध्ये रँक्ड उरका.

गुरुवारची लाइट
पुण्यात महावितरणची देखभाल बहुतेक गुरुवारी. मॅचमध्ये लाइट गेली की सिस्टीम 'पळाला' समजते आणि क्यूबंदी लावते. राउटरला छोटा यूपीएस लावा, पण ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आधी वाचा: ९ व्होल्टच्या राउटरला १२ दिले तर तो जळू शकतो. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप हवा, नाहीतर वायफाय चालू आणि नेट बंद.

नॅट स्ट्रिक्ट
लॉबीच (मॅचआधी खेळाडू जमतात ती जागा) सापडत नसेल तर राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी (प्रोव्हायडरने राउटरला दिलेला पत्ता) बघा. १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर प्रोव्हायडरने अनेक घरं एकाच पब्लिक आयपीमागे (इंटरनेटवर दिसणाऱ्या पत्त्यामागे) ठेवली आहेत. घरी राउटरवर पोर्ट (बाहेरून गेमपर्यंत येण्याची वाट) उघडून उपयोग नाही. प्रोव्हायडरकडून स्वतःचा पब्लिक आयपी मागून घ्या.