'नळीवरची माशी' आणि 'रेलवरची माशी' : नेमका फरक कोणता?

प्रश्न : रायफलीच्या एका माहितीपुस्तिकेचा अनुवाद करताना पुढच्या साइटचे, म्हणजे नेम धरण्याच्या पुढच्या खुणेचे, दोन प्रकार समोर आले. एक थेट नळीवर बसवलेला आहे आणि दुसरा हँडगार्डच्या, म्हणजे नळीभोवतीच्या हाताने धरायच्या आवरणाच्या, माथ्यावरील रेलवर (खाचांच्या पट्टीवर). मी पहिल्याला 'स्थिर अग्रदर्शक' आणि दुसऱ्याला 'घडीचा अग्रदर्शक' असे लिहिले होते. तपासणाऱ्यांनी दोन्ही शब्द खोडले, परंतु पर्याय दिला नाही. योग्य शब्द कोणते, आणि या दोहोंपैकी निवड करताना खरोखर काय पाहिले जाते?

उत्तर : प्रथम 'अग्रदर्शक' बाजूला ठेवू. नळीच्या तोंडाजवळच्या ज्या उंचवट्यावरून नेम धरतात त्याला मराठीत 'माशी' हा चांगला शब्द आहे. दुरून पाहिले तर नळीवर माशी बसल्यासारखीच ती दिसते, आणि ही उपमा केवळ आपल्यालाच सुचलेली नाही. हिंदीत 'मक्खी', फारसीत 'मगसक' आणि रशियनमध्ये 'मुश्का' असे म्हणतात, आणि शेवटच्या दोन्ही शब्दांचा अर्थ 'छोटी माशी' असाच आहे. जर्मन माणसाला तिथे धान्याचा दाणा दिसला, म्हणून त्याने 'कोर्न' म्हटले; तुर्की भाषेतील 'अर्पाजिक' म्हणजे बारीक जव. कवायतीत 'फोरसाइट' म्हणतात, तेही चालेल. मात्र 'पुढची माशी' ही द्विरुक्ती आहे, कारण माशी पुढेच असते. मागे असते ती खाच किंवा छिद्र.

आता तुमचे विशेषण का खोडले गेले ते पाहू. 'स्थिर' आणि 'घडीची' हा भेद माशी उभीच राहते की आडवी पाडता येते याचा आहे, ती कशावर बसली आहे याचा नाही. नळीवर बसवलेली माशीही घडीची असू शकते आणि रेलवर आवळलेली माशी कायम उभी राहणारी असू शकते. म्हणून 'नळीवरची माशी' आणि 'रेलवरची माशी' असे साधे शब्दच लिहावेत. 'रूळ' किंवा 'लोहमार्ग' असे काही करू नये. वाचक आगगाडी शोधत बसेल. ज्या आडव्या खाचांच्या पट्टीला पिकॅटिनी रेल म्हणतात, तिचे अमेरिकी लष्करी मानक १९९५ साली ठरले आणि न्यू जर्सीतील पिकॅटिनी आर्सेनलवरून तिला ते नाव पडले. 'रेल' हेच नाव आता चालते.

पुन्हा प्रश्न : शब्द पटले. तरीही एक शंका उरते. गॅस ब्लॉकच्या, म्हणजे नळीतला गॅस यंत्रणेकडे वळवणाऱ्या ठोकळ्याच्या, डोक्यावर रेलचा छोटा तुकडा असतो आणि त्यावर माशी आवळलेली असते. ती कोणत्या गटात धरायची?

उत्तर : ती नळीवरचीच. खरी मेख इथेच आहे, आणि शब्दाला चिकटून राहणाऱ्याची माशी नेमकी इथेच शिंकते. गॅस ब्लॉक नळीला जखडलेला असतो, त्यामुळे त्यावरची माशी नळीबरोबर हलते आणि नळीबरोबरच तापते. म्हणूनच काही प्लॅस्टिकच्या माश्या गॅस ब्लॉकवर बसवू नयेत असे त्यांचे निर्माते बजावतात. तेव्हा माशीखाली रेल दिसते का, हे विचारू नये. ज्या भागावर ती उभी आहे तो शेवटी कशाला धरून आहे, हे विचारावे.

मोकळ्या नळीच्या रायफलीत हँडगार्ड केवळ मागच्या टोकाला, रिसीव्हरपाशी (रायफलीची यंत्रणा ज्यात असते त्या भागापाशी) जोडलेला असतो आणि पुढे नळीला कुठेही टेकत नाही. याचा लाभ असा की पट्ट्याचा ताण किंवा आधाराचा दाब नळीपर्यंत पोहोचत नाही. परंतु तोच दाब हँडगार्डला किंचित वाकवतो, आणि माशी त्याच्या टोकाशी असेल तर नळी जागच्या जागी राहून माशी तेवढी सरकते. हिशेब करून पाहा : माशी आणि मागच्या छिद्रात ५०० मिलिमीटर अंतर असेल आणि माशी ०.१ मिलिमीटर सरकली, तर १०० मीटरवर २० मिलिमीटरचा फरक पडतो. अंतर ३७० मिलिमीटर असेल तर तो सुमारे २७ मिलिमीटर होतो. शिवाय हा फरक उलट दिशेने पडतो, म्हणजे माशी डावीकडे ओढली गेली तर गोळी उजवीकडे लागते. हँडगार्ड काढून पुन्हा बसवल्यावरही नेम तपासून घ्यावा लागतो.

याचा अर्थ रेलवरची माशी टाकाऊ आहे असा नाही. आखूड नळीच्या रायफलीला लांब हँडगार्ड असेल तर रेलवर माशी अधिक पुढे नेता येते, आणि वरील हिशेबाप्रमाणे ते अंतर वाढले की नेमातील चूक घटते. ताठ, घट्ट बसलेल्या हँडगार्डवर ती पुरेशी विश्वासार्ह असते. दुर्बीण बिघडल्यास हाताशी असावी एवढ्याचसाठी माशी हवी असेल, तर मी रेलवरची घडीचीच घेईन. उघड्या नेमावरच सारी भिस्त असेल, पट्टा ताणून किंवा भिंतीला टेकवून गोळी झाडायची असेल, तर मात्र मी नळीवरची सोडणार नाही.

एक व्यावहारिक सूचना अनुवादात जरूर ठेवा. नळीवरची माशी आणि रेलवरची माशी यांची उंची सारखी असेलच असे नाही, कारण काही गॅस ब्लॉकचा माथा रिसीव्हरवरील रेलपेक्षा खाली असतो आणि त्यासाठी मुद्दाम उंच केलेल्या माश्या मिळतात. मूळ मजकुरात 'समान पातळी' अशा अर्थाचे काही असेल तर ते याविषयीच आहे. तो शब्दप्रयोग शोभेचा समजून गाळू नये.