प्रति: पैसा आहे, तरी पाणी का तुंबतं?

मुंबई पालिकेच्या मुदत ठेवी काढा म्हणजे दादर-परळचा सखल हिंदमाता परिसर तुंबणार नाही, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय. अर्धंच पटलं. जुनी गटारं तासाला २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेली. ती ५० मिमीची करा असं सांगणारा ब्रिमस्टोवॅड अहवाल (मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा) १९९३ चा. कामाला वेग आला तो २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी कोसळल्यावर! आणि भरती आली की ५० मिमीची गटारंही पाणी समुद्रात सोडू शकत नाहीत. म्हणून तर हिंदमाताच्या पाण्यासाठी जवळच्या प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर मैदानाखाली टाक्या बांधल्या: भरतीत पाणी साठवायचं, ओहोटीला सोडायचं.

माझ्या मामांचं हिंदमाताला कापडाचं दुकान. जून लागला की खालचा खण रिकामा, तागे वर. दोनदा फरशी उचलून घेतली, स्वखर्चाने. टाक्यांनंतर पाणी लवकर ओसरतं, हे तेही मान्य करतात. खण मात्र अजून रिकामाच ठेवतात. हा खर्च कुठल्या अर्थसंकल्पात दिसतो?