ल्युकेमियाचे उपचार संपलेली १६ ते २२ वयाची मुलं भरतीच्या मैदानावर: व्यायाम कुठून सुरू करायचा?

रानवाट (व्यायाम प्रशिक्षक)

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींमध्ये रक्ताच्या कर्करोगातून (एएलएल, म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) बरी झालेली काही जणंही असतात. उपचार संपून सहा महिने ते दोन वर्षं झालेली. घरच्यांचा आग्रह असतो की जपून करा, आणि मुलांना सगळ्यांच्या बरोबरीने पळायचं असतं. हॉस्पिटलच्या कागदावर बहुतेक वेळा 'नेहमीच्या हालचालींना हरकत नाही' एवढंच असतं. भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावणं आणि गोळाफेक, महिलांना १६०० ऐवजी ८०० मीटर. हे सगळं त्या एका ओळीत बसतं का, ते कळत नाही.

सुरू करण्याआधी मैदानावर काय तपासायचं? पहिले तीन महिने आठवड्याला किती आणि काय द्यायचं? पळायला कधी सोडायचं? कोणती तक्रार आली की त्याच मिनिटाला थांबवायचं? कृपया आकड्यांत सांगा. 'हळूहळू वाढवा' हे सगळेच सांगतात, पण त्यावरून उद्या सकाळी काय करून घ्यायचं ते ठरत नाही.

---

कडुनिंब (फिजिओथेरपिस्ट, कर्करोग पुनर्वसन)

फार योग्य वेळी विचारलंत. आधी फाइलमधला उपचारांचा गोषवारा मागवा. 'ब्लड कॅन्सर होता' एवढ्यावर कार्यक्रम ठरत नाही. कोणती औषधं, एकूण किती मात्रा, रेडिएशन दिलं असेल तर कुठे आणि किती, हे लागतं. गोषवारा नसेल तर उपचार केलेल्या विभागाकडून लेखी घ्यायला सांगा. तो त्या मुलाला आयुष्यभर उपयोगी पडणार आहे.

एएलएलमध्ये दोन औषधं जवळजवळ प्रत्येकाला मिळालेली असतात. पहिलं व्हिन्क्रिस्टिन. त्याचा मार नसांवर बसतो, आणि सगळ्यात लांब नसा पायाच्या, म्हणून आधी पाऊल दुबळं होतं. चवडा वर उचलणारे स्नायू कमकुवत होतात, पोटरी आखडते. दुसरं स्टेरॉइड (डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन). त्याने मांडी आणि खुब्याचे स्नायू झिजतात, हाडं विरळ होतात, आणि काहींच्या खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते हाड आतून मरतं. वयाच्या दहा वर्षांनंतर उपचार झालेल्यांमध्ये हा धोका लहान मुलांपेक्षा बराच जास्त असतो. म्हणजे तुमच्याकडे येणारा गट नेमका तोच आहे.

तपासणीला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात.

टाचांवर दहा पावलं चालायला लावा. चवडा खाली पडत असेल किंवा चालताना पाऊल 'थप' वाजत असेल, तर घोट्याची ताकद कमी आहे. मग टाचा जमिनीला टेकवून उकिडवं बसवा. टाचा उचलल्या जात असतील तर पोटरी आखडलेली आहे. डोळे उघडे ठेवून एका पायावर ३० सेकंद उभं करा, दोन्ही बाजू. एका पायावर टाच वर-खाली किती वेळा होते ते मोजा. साध्या खुर्चीवरून हात छातीवर बांधून ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं, तेही लिहून ठेवा. शेवटी ३० मीटरवर दोन कोन ठेवा आणि सहा मिनिटांत किती मीटर चालणं होतं ते मोजा. हे आकडे इतरांशी तुलना करायला नाहीत. सहा आठवड्यांनी त्याच मुलाशी ताडून बघायला आहेत.

एक तपासणी कधीच सोडू नका. उताणं झोपवून खुबा आणि गुडघा काटकोनात दुमडा, आणि पाऊल बाहेरच्या बाजूला नेत मांडी आत वळवा. जांघेत दुखलं, किंवा एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट कमी वळली, तर उड्या आणि पळणं बंद, आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडे एमआरआयसाठी पाठवा. सुरुवातीला साधा एक्स-रे नॉर्मल येतो, त्यावर समाधान मानू नका. खुब्याचं दुखणं अनेकदा गुडघ्यात जाणवतं, त्यामुळे मुलगा गुडघा दाखवत असला तरी खुबा तपासाच.

आता बारा आठवडे.

आठवडे १–२: सपाट मैदानावर चालणं, १५ ते २० मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस. श्रमाचा अंदाज ० ते १० मध्ये ३–४. पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. रोज पोटरीचा ताण, गुडघा सरळ ठेवून ३० सेकंद, प्रत्येक बाजूला तीन वेळा. रबर बँड पावलावर अडकवून चवडा स्वतःकडे ओढणं, १०–१२ चे दोन सेट. खुर्चीवरून उठणं आणि भिंतीवरचे जोर, ८ चे दोन सेट, आठवड्यातून दोन दिवस.

आठवडे ३–६: चालणं दर आठवड्याला पाच मिनिटांनी वाढवत ३० मिनिटांवर न्या आणि तिथेच ठेवा, वेग मात्र वाढवा (श्रम ४–५). ताकदीच्या दिवशी बँडने ओढणं, पायरीवर चढ-उतार, पाठीवर झोपून कंबर उचलणं, हलके डंबेल. ८ ते १५ चे दोन सेट. शेवटी अजून दोन-तीन वेळा झालं असतं असं वाटलं पाहिजे. लागोपाठ दोन दिवसांच्या सरावात १५ आरामात झाले तरच वजन ५ ते १० टक्के वाढवा. एका वेळेला जास्तीत जास्त किती उचलतो, ही चाचणी या गटात घेऊ नका.

आठवडे ७–१२: एक मिनिट झपाझप चालणं, दोन मिनिटं सावकाश, अशा सहा फेऱ्या आठवड्यातून दोनदा. तिसऱ्या दिवशी सलग ३० मिनिटं चालणं. ताकदीचे दोन दिवस तसेच.

२०१९ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने कर्करोगातून गेलेल्यांसाठी जो कार्यक्रम दिला, तो साधारण हाच: आठवड्यातून तीनदा ३० मिनिटं मध्यम श्रम, दोनदा ताकदीचा व्यायाम, निदान ८ ते १२ आठवडे. थकवा, चिंता आणि रोजच्या कामाची क्षमता यांवर फायदा दिसायला एवढं पुरतं. भरती ही त्यापुढची गोष्ट आहे.

बिघडतं कुठे? दम आणि स्नायू महिन्याभरात सुधारतात. नसा आणि हाडं तेवढ्या वेगाने सुधारत नाहीत. मुलाला वाटतं सगळं जमतंय, आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात तो मित्रांबरोबर कबड्डी खेळून येतो किंवा डांबरी रस्त्यावर पळतो. घोटा मुरगळणं, नडगीचं दुखणं, टाचेमागे कळ, हे सगळं त्यातून येतं. दुसरा प्रकार म्हणजे चांगल्या दिवशी दुप्पट करायचं आणि मग चार दिवस अंथरुणात. नियम असा ठेवा: दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त थकवा असेल तर त्या दिवशीचा वेळ एक-तृतीयांशाने कमी करा, पूर्ण बंद करू नका. दोन आठवडे असंच राहिलं तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यायला सांगा.

---

मोहर (डॉक्टर, उत्तर-उपचार क्लिनिक)

घोटा आणि खुब्याबद्दल कडुनिंब यांनी नेमकं सांगितलंय. मी हृदयाबद्दल सांगते, कारण ते बाहेरून दिसत नाही.

गोषवाऱ्यात डॉक्सोरुबिसिन किंवा डॉनोरुबिसिन शोधा, ही हृदयाला इजा करू शकणारी औषधं आहेत. एकूण मात्रा मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर अशी लिहिलेली असते. डॉक्सोरुबिसिनच्या हिशेबाने २५० किंवा त्याहून जास्त, किंवा हृदयावर पडलेलं रेडिएशन ३० ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक) किंवा जास्त, तर धोका जास्त समजतात. सगळ्या एएलएल मुलांची मात्रा तेवढी नसते. पण तुमच्याकडे हॉजकिन लिम्फोमाची (लसीका ग्रंथींचा कर्करोग) मुलंही येतीलच. त्यांना दिल्या जाणाऱ्या एबीव्हीडी या चार औषधांच्या उपचारात एका सायकलमध्ये डॉक्सोरुबिसिनचे ५० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर जातात, सहा सायकलचे ३००. हाडाच्या ऑस्टिओसार्कोमाच्या नेहमीच्या उपचारात ४५० पर्यंत.

अशा मुलाचा अलीकडचा टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहिल्याशिवाय जोराचा सराव सुरू करू नका. चालणं त्यासाठी अडवायची गरज नाही. '२२० वजा वय' या हिशेबाने नाडी ठरवू नका. या औषधांनंतर, छातीच्या रेडिएशननंतर किंवा बीटा ब्लॉकर (नाडी मंद करणारं औषध) चालू असताना तो आकडा फसवतो. बोलता येण्याची कसोटी जास्त भरवशाची. वजन उचलताना श्वास रोखायचा नाही, उचलताना सोडायचा.

व्यायाम टाळणं हा उपाय मात्र नाही, हे घरच्यांना ठामपणे सांगा. लहानपणी हॉजकिन होऊन बरे झालेल्या प्रौढांचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात आठवड्याला साधारण तीन वेळा वीस-वीस मिनिटं जोराचा व्यायाम, एवढं किंवा त्याहून जास्त करणाऱ्यांमध्ये हृदयाच्या गंभीर घटना जवळजवळ निम्म्या होत्या. तो निरीक्षणाचा अभ्यास आहे, म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, पण दिशा स्पष्ट आहे. 'व्यायामाने कॅन्सर परत येणार नाही' असं आश्वासन मात्र कुणाला देऊ नका. आतड्याच्या कर्करोगात तसा फायदा २०२५ च्या मोठ्या चाचणीत दिसला. तो ल्युकेमियाला लावता येत नाही.

लगेच थांबवा: छातीत दुखणं, चक्कर किंवा भोवळ, श्रमाच्या मानाने फार धाप, अनियमित धडधड, पाठीच्या मणक्यात अचानक कळ (हाड विरळ असेल तर मणका दबू शकतो), रात्री झोपेतून उठवणारं हाडाचं दुखणं. पहिल्या चारांत त्याच दिवशी डॉक्टर.

---

रानवाट

हे छापून मैदानावर लावतो. अजून तीन गोष्टी. १६०० मीटर आणि गोळा नेमका कधी? काही मुलं जिममधून क्रिएटिन आणि प्रोटीन पावडर आणतात, त्याचं काय? आणि गुडघ्यात धातूचा सांधा बसवलेली एक-दोन मुलं आहेत, त्यांना काय द्यायचं?

---

कडुनिंब

पळायला सोडण्याआधी चार अटी: टाचांवर दहा पावलं नीट, एका पायावर ३० सेकंद, एका पायावर टाच उचलणं १५ वेळा, आणि खुबा वळवताना शून्य दुखणं. चारही झाल्या तर मातीच्या मैदानावर एक मिनिट जॉगिंग, दोन मिनिटं चालणं, सात फेऱ्या. आठवड्यातून दोनदा, लागोपाठच्या दिवशी नाही. दर आठवड्याला जॉगिंगचा टप्पा ३० सेकंदांनी वाढवा. १६०० मीटर सलग झाल्यावर चार आठवडे दुखण्याशिवाय गेले, तरच घड्याळ लावा. १०० मीटर सगळ्यात शेवटी, कारण आखडलेल्या घोट्यावर पूर्ण वेगाने पळाल्यास मांडीमागचा स्नायू फाटू शकतो. गोळ्यासाठी २–३ किलोच्या मेडिसिन बॉलने छातीसमोरून ढकलायला शिकवा. मुलांचा ७.२६० किलो आणि मुलींचा ४ किलोचा गोळा नंतर. या भरतीत नाही जमलं तर पुढच्या. तारखेसाठी टप्पा गाळू नका.

धातूच्या सांध्याचा विषय वेगळा आहे. पळणं, उड्या, कुस्ती, कबड्डी नाही, कारण सांधा सैल होतो आणि पुन्हा मोठी शस्त्रक्रिया लागते. स्थिर सायकल (सीट उंच), शल्यविशारदाने परवानगी दिल्यावर पोहणं, मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद आणि वरच्या शरीराचे व्यायाम. तो गुडघा अचानक गरम किंवा लाल झाला, किंवा ताप आला तर ते जंतुसंसर्गाचं लक्षण धरा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल. या मुलांशी भरतीबद्दल खरं बोला. तुमच्याकडून ऐकलेलं त्यांना जास्त सोपं जाईल.

---

मोहर

क्रिएटिन नको. त्याने रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं, आणि सिस्प्लॅटिन किंवा आयफोस्फामाइड ही किडनीला त्रास देऊ शकणारी औषधं घेतलेल्या मुलाच्या किडनीचा रिपोर्ट वाचणं अवघड होतं. प्री-वर्कआउट पावडरमध्ये कॅफीन भरपूर असतं, धोका असलेल्या हृदयाला ते अजिबात नको. प्रोटीन अंडी, दूध, डाळ, शेंगदाणे, मटकीतून होऊ द्या. ब्लिओमायसिन मिळालेल्यांना (एबीव्हीडीत ते असतं) कोरडा खोकला किंवा नव्याने धाप लागली तर सराव थांबवून फुप्फुस तपासायला पाठवा.

मुंबईला जाणं जमत असेल तर टाटा मेमोरियलमध्ये लहानपणी कर्करोग झालेल्यांसाठी 'ॲक्ट' क्लिनिक १९९१ पासून आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' हा बरे झालेल्या तरुणांचा गट आहे; एकट्या पडलेल्या मुलांना तिथे ओळखी मिळतात.

---

पारिजात (परिचारिका, डे-केअर)

एक भर. काही मुलं 'उपचार संपले' म्हणतात, पण मेंटेनन्स (आजार परत येऊ नये म्हणून गोळ्यांचा लांब टप्पा) चालू असतो: रोज ६-एमपीची (मर्कॅप्टोप्युरिन) गोळी, आठवड्याला मेथोट्रेक्सेट. विचारताना 'गोळ्या चालू आहेत का' असं स्पष्ट विचारा. चालू असतील तर ताजा सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) बघा. प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील तर वजनं आणि धक्काबुक्कीचे खेळ बंद, २०,००० च्या खाली फक्त सावकाश चालणं, तेही डॉक्टरांना विचारून. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर विश्रांती. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर मैदान नाही, थेट हॉस्पिटल. पॅरासिटामॉल देऊन वाट बघू नये. हॉस्पिटलने वेगळे आकडे दिले असतील तर तेच पाळा. छातीत केमोपोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली डबी) असेल तर त्या बाजूने जोर, बेंच प्रेस आणि गोळाफेक पोर्ट काढून जखम भरेपर्यंत नको. हातात पीआयसीसी नळी (दंडातून मोठ्या शिरेत घातलेली) असेल तर पोहणंही नाही.