वकिलाच्या घरात वाढलेल्यांनो, लिहा की जरा (अनुभव धागा)

रंकाळ्याकाठची
ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं. सरन्यायाधीश गवई आले होते, सगळ्या चॅनेलवर सीपीआर दवाखान्यासमोरची जुनी कोर्टाची इमारत झळकत होती. लोक भाषणं ऐकत होते, मी दादांचं टेबल कुठल्या खिडकीशी असायचं ते शोधत होते. दादा म्हणजे माझे वडील. त्या इमारतीत जन्मभर फौजदारी वकिली केली. जिल्हा कोर्ट कसबा बावड्याला हललं ते बघायला राहिले नाहीत. बेंचच्या आंदोलनात मात्र पहिल्यापासून. अपिलासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर मुंबई, सकाळी नंबर लागलाच नाही तर तसंच परत. "सहा जिल्ह्यांच्या माणसानं मुंबई का गाठायची?" हे आम्हा भावंडांना पाढ्यासारखं पाठ होतं.

आता खरं सांगायचं ते. आमच्या रविवारच्या सहली. स्कूटरवर पुढं मी, मागं आई आणि धाकटा, डब्यात दशम्या. जायचं कुठं, तर कुठल्यातरी शिवारात. तिथं दादा टेपचं एक टोक माझ्या हातात द्यायचे आणि विहिरीपासून बांधापर्यंत चालत जायचे. खूप वर्षांनी कळलं की ती सगळी घटनास्थळं होती! एकदा धाकट्याला उसाच्या पलीकडं उभं केलं आणि मला विचारलं, दिसतो का? नाही दिसला. स्वतः जाऊन उभे राहिले. तेही नाही दिसले. आडसाली ऊस, जूनचा महिना. साक्षीदारानं पलीकडचा वार बघितला म्हणून जबाब दिला होता.

अशील निर्दोष सुटला की पेढे यायचे. ते ऑफिसातच वाटले जायचे, घराचा उंबरा कधी ओलांडला नाही त्या पेढ्यांनी. कारण कधी सांगितलं नाही. तुमच्याकडं काय काय होतं?

दुसरा_चहा
उसाचं एकदम बरोबर. आडसाली जुलै-ऑगस्टला लावतात, पुढच्या जूनपर्यंत हत्ती उभा केला तरी दिसायचा नाही. सुरू ऊस असता तर तुमचे दादा अडकले असते. सुरूची लागण जानेवारी-फेब्रुवारीची, जूनमध्ये कमरेला लागतो. आमचा यंदा तोडीविना उभाय, टोळीच येईना.

वऱ्हाडी_ठेचा
बेंचचं अभिनंदन. आमच्या नागपूरला आधीपासूनच आहे, औरंगाबादलाही 1981 मध्ये झालं, तुम्हालाच उशीर केला राजेहो.
माझे सासरे अमरावतीला वकील होते. फी म्हणजे संत्र्याच्या पेट्या, तुरीची डाळ, एकदा तर बकरी. सासूबाई म्हणत, "हे रिमांडची बकरी हाय, इले कापाचं नाही." आठ वर्षं जगली ते बकरी.

तिखटमीठ
रिमांडची बकरी 😂😂 ऑफिसात मोठ्यानं हसले

मी_ज्युनियर
घरात कोणी वकील नाही, पण सिनियरबद्दल लिहितो, चालेल ना? सत्तरी ओलांडलेले. 1 जुलै 2024 ला नवे फौजदारी कायदे लागले तेव्हा आम्ही म्हटलं सर आता थांबतील. सरांनी दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणली, डावीकडे जुनं कलम, उजवीकडे नवं. 302 (खून) चं 103, 307 (खुनाचा प्रयत्न) चं 109, आरोपीचा 313 चा जबाब आता 351 खाली. आधीच्या गुन्ह्यांना भादंविच (जुनी भारतीय दंड संहिता) लागते म्हणून दोन्ही नंबर डोक्यात ठेवावे लागतात. सर आरोपीला 351 चे प्रश्न समजावताना स्टुलावर बसतात आणि त्याला खुर्ची देतात. म्हणतात, अख्ख्या खटल्यात कोर्ट त्याच्याशी थेट बोलतं ते जवळपास एवढंच, आणि तेव्हा शपथ नसते, गप्प बसायचाही हक्क असतो. त्याला कळलं पाहिजे कोणी काय विचारलं.
अजून एक किस्सा होता पण पुकारा झाला, पळतो

निवांत_वाचक
म्हणजे आता चारशेवीस म्हणायचं नाही का कोणाला?

तिखटमीठ
318 म्हणा. कोणाला राग येणार नाही, तेवढाच फायदा

घाटाखालची
कामं आटपून लिहित्येय, चुका पोटात घाला. आमचे आजोबा रत्नागिरीला दिवाणी वकील. मे महिन्यात दिवाणी कोर्टाला सुट्टी, त्यामुळे आजोबा पूर्ण आमचे. फौजदारीवाल्यांना रिमांड न् जामीन सुट्टीतही असायचे, त्यांची पोरं आमच्याकडेच आंबे खायला. कुळकायद्याच्या केसेस कितीतरी. 1957 चा कृषक दिन (कसणारं कूळ जमिनीचं मालक धरलं गेलं तो दिवस), कूळ मालक झालं की नाही, वहिवाट कोणाची, ह्याच्यावर आयुष्य काढलंनी. दोघे भाऊ एका विहिरीवरून भांडत आले तर एकाचंच वकीलपत्र घेता येतं, मग दुसऱ्याला समोरच्या वकिलाचं नाव स्वतः सांगायचे, आणि जाताना दोघांना एकाच होडीतून पाठवायचे. तीन वेळा तरी तडजोड होडीतच झाली असं आजी सांगायची. तिला तिखटमीठ लावायची सवय होती (आयडीवरून नाही हो म्हणत).
बेंच आम्हालाही सोयीचं. आंबा घाट चढला की कोल्हापूर. पावसात घाट चालू असला तर!!

पणजीकर
आजोबा पोर्तुगीज काळात शिकलेले. 1961 नंतर अर्धे कायदे नवे, अर्धे जुने, पण लग्न-वारसाचा दिवाणी कायदा इथे पुढेही बरीच वर्षं मुख्यतः 1867 च्या पोर्तुगीज संहितेचाच राहिला. म्हातारपणी तरुण वकील मूळ पोर्तुगीज मजकूर वाचून घ्यायला यायचे आणि आजोबा आधी माशाचं जेवण घालायचे. फी नाही घ्यायचे. आजी मासे कुठून आणायची कोण विचारतो.

शनिवारची_सायंकाळ
धागा सकाळपासून वाचतेय, लिहू की नको करत होते. आमची बाजू दुसरी. माझ्या काकांचा खून झाला होता. आत्या साक्षीदार. आरोपीचे वकील तालुक्यातले नावाजलेले, सगळे मान द्यायचे. उलटतपासात आत्याला रडू आलं. त्यांनी जजसाहेबांना विनंती करून तिला पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि मग पुढचा प्रश्न विचारला. "किती अंधार होता, बाई?" आवाज अजिबात चढवला नाही. आरोपी सुटला. ते वकील वाईट होते असं मी अजूनही म्हणू शकत नाही, पण चांगलं म्हणायला जीभ वळत नाही.

घाटाखालची
❤️ आत्या कशा आहेत आता

शनिवारची_सायंकाळ
आहेत. नातवंडं सांभाळतात. कोर्टाचा विषय काढत नाहीत.

रंकाळ्याकाठची
@शनिवारची_सायंकाळ, तुमचं वाचून भाकरी करपली. दादांनीही असेच प्रश्न विचारले असणार. मी कोर्टात कधी बसले नाही, त्यांनी बसू दिलं नाही. आत्यांना नमस्कार.

मी_ज्युनियर
आलो. पुढची तारीख मिळाली 😑 तर किस्सा. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला कोर्ट सरकारी खर्चानं वकील देतं, तसली कामं सर आवर्जून घेतात. मानधन किरकोळ, तेही वर्षानं मिळतं. एका आरोपीच्या बायकोनं कोपऱ्यातून दुमडलेले शंभर रुपये दिले. सरांनी पावती फाडली. मी विचारलं, घेतले कशाला? खाली गेल्यावर टायपिस्टला सांगून तिच्या एसटीचं तिकीट त्याच शंभरातून काढलं, उरलेले तिला परत, आणि मला म्हणाले, तिनं वकील लावलाय असं तिला वाटू दे.

निवांत_वाचक
पावती रद्द कशी केली मग? (सीए आहे, राहवलं नाही)

मी_ज्युनियर
सरांनाच विचारतो 🙏

बारक्या_गल्लीतला
सगळे कोर्टाचं लिहिताय. माझे वडील घरी कसे होते ते सांगतो. उलटतपासाचा नियम असतो की ज्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नाही तो विचारायचा नाही. जेवताना विचारायचे, "गणिताचा पेपर मिळाला का रे?" म्हणजे मास्तर आधीच भेटलेले. मी "नाही" म्हटलं की दुसरा प्रश्न, "मग शेजारच्याला कसा मिळाला?" आईनं एकदा सरळ विचारलं, "माझ्या वाढदिवसाची तारीख कुठली?" तो प्रश्न त्यांनी आयुष्यात कोणाला विचारला नसता. घाम फुटला होता.

तिखटमीठ
मग सांगितली का?

बारक्या_गल्लीतला
मुदत मागून घेतली

वऱ्हाडी_ठेचा
कोणाच्या आईनं बँड (वकिलाच्या गळ्यातली पांढरी पट्टी) कडक करण्यासाठी साबुदाण्याची खळ केली का? आमच्याकडे रविवार म्हणजे खळ, बँड, काळा कोट उन्हात. कोट उन्हानं तपकिरी पडे, मग रंगवून आणत. पावसात भिजले की पांढऱ्या शर्टाची कॉलर काळी.

रंकाळ्याकाठची
आमच्याकडं तांदळाच्या पेजेची खळ! आणि दादांच्या कोटाच्या खिशात कायम लिमलेटच्या गोळ्या. साक्षीदाराबरोबर लहान पोर आलं असलं की द्यायचे, विरुद्ध बाजूचं असलं तरी.

दुसरा_चहा
बेंचला पुढच्या मंगळवारी येतोय, भावाच्या अपिलाची तारीख आहे. सीपीआरजवळ गाडी लावायला जागा मिळते का कोणी सांगेल?

रंकाळ्याकाठची
विसरा. गाडी दसरा चौकाच्या बाजूला कुठं बसतेय बघा आणि चालत जा. नऊच्या आत या, मिसळ खाऊन पोचाल.

दुसरा_चहा
मिसळ कुठली ते सांगू नका इथं, धागा भांडणात जाईल