मोठी फिल्म म्हणजे जास्त डिटेल? कोणी सांगितलं?

भिंगवाला
काल इथे 'डोंगरमाथा' यांनी लिहिलं की खरं डिटेल फक्त मोठ्या फिल्मवर मिळतं, 20 बाय 24 इंचाच्या निगेटिव्हपुढे डिजिटलने तोंड उघडू नये, आणि डिजिटल फोटोचे तुकडे जोडून गिगापिक्सेल, म्हणजे अब्जभर ठिपक्यांचा फोटो करणारे फोटोग्राफर नाहीत, शिंपी आहेत. खाली सगळ्यांचं वाहवा वाहवा. म्हटलं सोडून द्यावं, पण राहवेना.

अहो, 8 बाय 10 इंचाच्या फिल्मला 300 मिलिमीटरची लेन्स लावून एफ 64 ला बंद केली, म्हणजे 300 भागिले 64, की उजेड आत यायचं भोक उरतं साधारण 4.7 मिलिमीटरचं. आता तीच फ्रेम 20 बाय 24 वर हवी तर लेन्स लागणार 750 ची, आणि पुढच्या दगडापासून मागच्या झाडापर्यंत तेवढंच शार्प हवं तर एफ 160. भागाकार करून बघा, भोक तेच! डिफ्रॅक्शन, म्हणजे बारीक भोकातून उजेड पसरून येणारा धूसरपणा, धरलं तर एफ 64 ला मिलिमीटरमागे फार तर 23 लाइन पेअर (काळ्या-पांढऱ्या रेषांच्या जोड्या), एफ 160 ला जेमतेम नऊ. दोन्हीकडे हिशोब 110 मेगापिक्सेलच्या आसपास येतो, तोही कागदावरचा, वारा आणि बेलोजची (कॅमेऱ्याच्या घडीच्या भात्याची) थरथर अजून धरलीच नाही. म्हणजे फिल्म सहापट, खर्च सहापट, डिटेल होतं तिथेच.

मोठी फिल्म जिंकते कधी, तर सगळंच लांब असतं तेव्हा. क्लिफर्ड रॉसने आर वन नावाचा कॅमेरा स्वतः बांधला, 9 बाय 18 इंचाची एरियल फिल्म घातली आणि कोलोरॅडोतला माउंट सोप्रिस काढला. फोकसला त्रास देईल इतकं जवळ काही ठेवलंच नाही त्याने. ग्रॅहम फ्लिंट हा निवृत्त भौतिकशास्त्रज्ञ, त्यानेही त्याच मापाच्या फिल्मवर 4 गिगापिक्सेलपर्यंत मजल मारली. फिल्मला पोक येऊ नये म्हणून मागून व्हॅक्यूमने ओढून धरायची. या लोकांना माहीत होतं आपण काय करतोय. तुमचं काय? पुढ्यात करवंदाची जाळी आणि मागे किल्ला, दोन्ही शार्प हवेत!

डोंगरमाथा
गणित छान आहे, शाळेत शिकवा. पण तुम्ही मोठा काँटॅक्ट प्रिंट, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेला, कधी समोर धरून पाहिलाय का? कार्लटन वॉटकिन्स हा फोटोग्राफर 1861 मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीला 18 बाय 22 इंचाच्या काचा खेचरांवर लादून घेऊन गेला, तिथेच अंधाऱ्या तंबूत काचेवर कलोडियनचा चिकट थर ओतायचा आणि प्लेट ओली आहे तोवर एक्स्पोज करून डेव्हलप करायची. एन्लार्जर नाही की काही नाही, काच कागदावर ठेवून उन्हात प्रिंट. वीतभर अंतरावरून डोळ्याला मिलिमीटरमागे सात-आठ लाइन पेअरच्या पुढे दिसतच नाही, मग तुमच्या एफ 160 च्या नऊ माझ्या प्रिंटला पुरून उरतात. आणि तुमचे 110 मेगापिक्सेल बघता कशावर? फोर-के मॉनिटरवर, म्हणजे आठ मेगापिक्सेल. बाकीचे 102 हार्ड डिस्कवर झोपा काढतात.

राहिला जोडकामाचा मुद्दा. 1900 साली शिकागोच्या जॉर्ज लॉरेन्सला एका रेल्वे कंपनीच्या अख्ख्या गाडीचा फोटो काढायचा होता. तुकडे काढून जोडता आले असते, पण ते नको म्हणून आठ फूट बाय साडेचार फुटांच्या एकाच काचेचा कॅमेरा बांधला, हाताळायला पंधरा माणसं. पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांचा विश्वास बसेना. एका क्षणाचा एक फोटो, याला म्हणतात फोटो. तुमच्या स्टिचिंगमध्ये एकच म्हैस तीनदा येते.

खडूस_नाशिककर
डोंगरमाथा साहेब, एक शंका. मागच्या आठवड्यात तुम्ही टाकलेला तो 14 बाय 17 चा सह्याद्री एक्स-रे फिल्मवरचा ना? आणि स्कॅनर तुमच्याकडे 8 बाय 10 पर्यंतचाच आहे असं तुम्हीच लिहिलं होतं. मग स्कॅन कसा केला?

डोंगरमाथा
भागाभागाने केला. त्याचा इथे काय संबंध?

खडूस_नाशिककर
काही नाही हो. सुई-दोरा कुठल्या कंपनीचा वापरता तेवढं विचारायचं होतं 🙏

डोंगरमाथा
स्कॅन जोडणं आणि एक्स्पोजर जोडणं यात फरक आहे. निगेटिव्ह एकच होती. ज्यांनी आयुष्यात एक शीट धुतली नाही त्यांनी बोलू नये.

तांबडा_दिवा
एक्स-रे फिल्मला डिटेल म्हणणाऱ्यांचं मला कौतुकच वाटतं. दोन्ही बाजूंना इमल्शन (उजेड टिपणारा थर), ट्रेच्या तळाला जरा घासली की ओरखडा, तांबडा रंग तर तिला दिसतच नाही, त्यामुळे आपली कोकणातली माती काळीठिक्कर येते आणि लोक खाली लिहितात वा काय मूड आहे. स्वस्त म्हणून वापरतो असं सरळ सांगा की. मीही वापरतो, ट्रेमध्ये खाली काच टाकतो, पण डिटेलच्या गप्पा मारत नाही. इल्फर्ड ही फिल्म कंपनी वर्षातून एकदा मोठ्या मापांची ऑर्डर घेते तेव्हा यादी बघायची, रुपयांत हिशोब करायचा आणि गपचूप पान बंद करायचं, हा आमचा वार्षिक सण. आणि एका लॅबला भरवशाने 8 बाय 10 ची शीट धुवायला दिली होती तर आभाळात कोणाचा तरी अंगठा उमटून आला, बोटाच्या रेषा मोजता येतील इतका शार्प.

शाईचे_डाग
तुम्ही सगळे 20 बाय 24 म्हणजे काहीतरी अमेरिकेतून आलेली चैन असल्यासारखं बोलताय म्हणून लिहितो. आमच्या प्रेसमध्ये प्रोसेस कॅमेरा होता, छपाईच्या प्लेटसाठी कागदावरच्या मजकुराचा फोटो काढणारा, या मापाची लिथ फिल्म (नुसतं काळं-पांढरं टिपणारी) रोज जायची त्याच्यात, त्याला आम्ही कोणी कलाकार म्हणत नव्हतो. मागचं अंग डार्करूमच्या भिंतीत बसवलेलं, पुढे रुळांवर मूळ कागद लावायचा कॉपीबोर्ड, दोन्ही बाजूंना आर्क लॅम्प, कार्बन जळायला लागला की डोळे चुरचुरायचे. व्हॅक्यूम बॅकला बारीक भोकं, पंप सुरू केला की फिल्म चप्प बसायची. ते रॉसचं व्हॅक्यूम वाचून हसू आलं, आमच्याकडे लग्नपत्रिकेला व्हॅक्यूम होता. डेव्हलपरचे ए आणि बी हे दोन भाग समसमान मिसळायचे, ट्रे हलवत राहायचं, मग लाइट टेबलवर बारीक ब्रशने पिनहोल बुजवायचे, त्याला ओपेकिंग म्हणायचे, माझी मान तिथेच गेली. नंतर थेट कॉम्प्युटरवरून प्लेट निघायला लागल्या आणि मालकांनी कॅमेरा भंगारवाल्याला वजनावर दिला.

डोंगरमाथा
वजनावर?? आणि लेन्स?

तांबडा_दिवा
हो, लेन्सचं काय झालं ते सांगा आधी. अपो-रोनार होती की अपो-निक्कॉर?

भिंगवाला
आपण मूळ मुद्द्यावर येऊया का? प्रोसेस लेन्स सपाट कागदासाठी, एकास एक मापाला बसवलेली असते, डोंगरावर तिचं काय करणार.

डोंगरमाथा
इथे मात्र तुम्ही पुस्तकात वाचलेलं बोलताय. अर्धं जग अपो-रोनार डोंगरावर वापरतं, एफ 22 ला आणली की अनंतावर सुंदर चालते. शटर नसतं, टोपी काढायची, मोजायचं, परत घालायची.

भिंगवाला
बरं, एफ 22 ला चालते. पण एफ 22 ला 20 बाय 24 वर पुढची जाळी शार्प येईल का? नाही. मग परत एफ 160. मी काल रात्रीपासून हेच सांगतोय.

डोंगरमाथा
ठीक आहे, पुढे जाळी असेल तर मोठ्या फिल्मचा फायदा जातो, हे मान्य. झालं समाधान? पुढच्या वेळी जाळी तोडून फोटो काढीन. काँटॅक्ट प्रिंटचं मात्र तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही.

भिंगवाला
काँटॅक्ट प्रिंट सुंदर दिसतो, कोण नाही म्हणतंय. सुंदर दिसणं आणि जास्त डिटेल असणं यात तुमची गल्लत होतेय. एल्सा डॉर्फमन या फोटोग्राफरने पोलरॉइडच्या 20 बाय 24 कॅमेऱ्यावर आयुष्यभर पोर्ट्रेट केली, कॅमेराच शंभर किलोच्या वर. तुम्ही त्या मापावर एक चेहरा आयुष्याएवढा घेऊन बघा, बेलोज दुप्पट ओढावा लागतो, दोन स्टॉप, म्हणजे तीन चतुर्थांश उजेड तिथेच गेला, डोळा शार्प आणि कान गायब.

खडूस_नाशिककर
शाईचे_डाग काका, लेन्सचं राहिलं.

शाईचे_डाग
लेन्स भंगारात नाही गेली, मी आदल्या रात्रीच काढून घेतली होती. कपाटात आहे, बुरशी नाही, विकायची नाही. सकाळपासून चार जणांचे मेसेज आलेत, त्यात भिंगवाले पण आहेत. कृपया बंद करा.